खरखरीच्या गावात अँटेना कोणती लावायची?

(आरोंदा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय तसा छोटा आहे. मध्यम लहरी, म्हणजे आपण ज्याला मीडियम वेव्ह म्हणतो ती, आणि तिच्याही खालच्या लहरी शहरात नीट ऐकू येत नाहीत. मग अँटेना कोणती लावायची? जुनी माणसं अँटेनाला एरियल म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा, वस्तू तीच.

सुरुवात मे २०२१ पासून करतो. १६ मेला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं. मी तेव्हा गावातच होतो. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, जिल्ह्यात कित्येक ठिकाणी काही दिवस वीज नव्हती. मोबाईलही बंद. घरात सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर होता, तो काढला. संध्याकाळी काटा फिरवला आणि मी थक्क झालो. एरवी ज्या ठिकाणी नुसती खरखर ऐकू येते, तिथे एकामागून एक केंद्रं स्वच्छ लागत होती. रेडिओ तोच, आतला दांडा तोच, जागा तीच. बदललं एवढंच, की सगळ्या वाडीतली वीज गेली होती.

चार दिवसांनी वीज आली आणि तिच्याबरोबर खरखरही आली. आजच्या विषयाचं अर्धं उत्तर यातच आहे. रेडिओ बिघडलेला नसतो. केंद्रही बहुतेक वेळा कमजोर नसतं. आपणच आपल्या घरात शेकडो छोटी छोटी प्रक्षेपण केंद्रं उघडून बसलेलो आहोत.

खरखर येते कुठून?

एलईडी दिवा, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, टीव्ही, वायफायचा अडॅप्टर. या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. त्याने यंत्र लहान होतं, वीज कमी खातं, हे चांगलंच आहे. पण प्रत्येक तोडजोडीतून विद्युत्चुंबकीय लहरी निघतात, आणि घरातलं वायरिंग त्यांना फुकटची अँटेना पुरवतं. गिरणीतली मोटार एकदा चालू होते आणि बंद होते. हे अडॅप्टर मात्र दिवसरात्र कुजबुजत असतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठिकाणांप्रमाणे या मानवनिर्मित गोंगाटाचे आकडे दिलेले आहेत. १ मेगाहर्ट्झला, म्हणजे साधारण मीडियम वेव्हच्या मध्यावर, शहरातला गोंगाट सुमारे ७७ डेसिबल, राहत्या वस्तीत ७२ ते ७३, खेड्यात ६७ आणि अगदी शांत खेड्यात ५४ धरला आहे. कशाच्या वर? तर उष्णतेमुळे निसर्गतःच असणाऱ्या किमान गोंगाटाच्या वर. शहर आणि शांत खेडं यांत २३ डेसिबलचा फरक आहे. म्हणजे शहरातली खरखर शक्तीच्या हिशेबाने साधारण २०० पट. आणि हे आकडे ज्या मोजमापांवर आधारलेले आहेत ती १९७० च्या दशकातली आहेत. तेव्हा चार्जर नव्हते, एलईडी दिवे नव्हते.

एक स्थानिक गोष्ट सांगतो. १९५५ ते १९६१ या काळात गोवा मुक्तीसाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. सुरुवात आपल्या आंबोलीच्या जंगलात झाली, पुढे ते कॅसलरॉकच्या रानात हललं. जंगलातलं ते छोटं केंद्र गोव्यातली माणसं घरात लपूनछपून ऐकायची. त्या काळी कानाला त्रास होता तो पोलिसांचा. घरातल्या यंत्रांचा नव्हता. कमी ताकदीचं केंद्रही ऐकू येतं, आजूबाजूला शांतता असेल तर.

माझी चूक

आता माझी फजिती. माझं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. आई आयुष्यभर इथे आरोंद्यात राहिली. तेरेखोलच्या पलीकडे गोवा, त्यामुळे आमच्याकडे पणजी केंद्र घरातलंच. १२८७ किलोहर्ट्झ. कोकणी कार्यक्रम, मराठी कार्यक्रम, सगळं. वय झालं तशी मी तिला डोंबिवलीला नेली. तिची मागणी एकच होती: "संध्याकाळी पणजी लावून दे." पणजी लागायची, पण खरखरीच्या खाली कुठेतरी. दोन दिवस तिने कान लावून ऐकलं, मग रेडिओ बंद करून ठेवला. काही बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

मी काय केलं? जन्मभर तारांचंच काम केलेला माणूस मी. म्हटलं, मोठी अँटेना लावू. गच्चीपर्यंत वीसेक मीटर तार नेली. खरखर दुप्पट झाली. मग वाटलं, सिग्नल कमी पडत असेल, म्हणून अँप्लिफायर आणला. आता पणजी नाहीच, खरखर मात्र दणदणीत, आणि १२८७ च्या जागी मुंबई केंद्राचं भूत. महिनाभर पैसे आणि शनिवार-रविवार घालवून मी रेडिओ पहिल्यापेक्षा वाईट करून ठेवला.

चूक कुठे झाली ते नीट बघू, कारण बहुतेक लोक हीच चूक करतात.

लग्नाच्या हॉलमध्ये कानाचं यंत्र लावलेले आजोबा बघा. यंत्राचा आवाज वाढवला की शेजारच्याचं बोलणं मोठं होतं आणि बँडही तेवढाच मोठा होतो. गाठ तीच राहते. सिग्नल १० आणि गोंगाट २० असेल, तर दुप्पट अँटेनाने सिग्नल २० होईल आणि गोंगाट ४०. प्रमाण जागच्या जागी.

लघुलहरींच्या वरच्या भागात, एफएमला, टीव्हीला हे असं नसतं. तिथे बाहेरचा गोंगाट कमी असतो, रेडिओच्या स्वतःच्या आतला गोंगाट आड येतो, म्हणून मोठी आणि उंच अँटेना कामाची. पण मीडियम वेव्हला शहरातला बाहेरचा गोंगाट साधारण रेडिओच्या आतल्या गोंगाटापेक्षा लाखो पटींनी मोठा असतो. याचा अर्थ उलटा लावून बघा. अँटेना लहान असली, तिने सिग्नल बराच गमावला, तरी बिघडत नाही. कारण त्याबरोबर गोंगाटही तेवढाच गमावला जातो आणि दोन्ही अजून रेडिओच्या आवाक्यात असतात. म्हणून अँटेना किती पकडते, हा प्रश्न इथे गौण आहे. ती काय पकडत नाही, ते विचारायचं.

तीन प्रकार

पहिला प्रकार, लांब तार किंवा उभी काठी. ही लहरीच्या विद्युत भागावर चालते. १०४४ किलोहर्ट्झला, म्हणजे मुंबई केंद्राला, लहरीची लांबी सुमारे २८७ मीटर. पाव लहर म्हटली तरी ७२ मीटर होते. इमारतीत ते शक्य नाही, मग आपण दहा-वीस मीटर तार ओढतो. ती तार घराच्या वायरिंगच्या शेजारून जाते, आणि वायरिंगमधला गोंगाट तिच्यात सरळ उतरतो. शिवाय अशा तारेला जोडीला जमीन लागते. तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठली? मग केबलचं कवच, रेडिओ, अडॅप्टर आणि घरातली अर्थिंग हीच तिची जमीन होते. तिथूनच खरखर आत शिरते. माझ्या गच्चीवरच्या तारेचं हेच झालं.

दुसरा प्रकार, छोटी काठी आणि तिच्या बुडाशी अँप्लिफायर. हाताएवढी वस्तू असते. मोकळ्या जागी, घरापासून लांब, खांबावर, स्वतःच्या वेगळ्या अर्थिंगसह लावली तर उत्तम चालते. बाल्कनीच्या ग्रिलला बांधली तर मात्र ती घराचाच गोंगाट ऐकवते.

तिसरा प्रकार, वेढ्यांची चौकट, म्हणजे लूप. ही लहरीच्या चुंबकीय भागावर चालते. तुमच्या ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटचा काळा दांडा आणि त्यावर तारेचे वेढे असतात, तोही याच जातीचा. लूप विजेचा गोंगाट पकडतच नाही, असं बरेचदा सांगतात. ते अर्धंच खरं आहे. चार्जरजवळ चुंबकीय गोंगाटही असतो आणि लूप तो पकडते. तिचे खरे गुण दोन. एक, तिला जमीन लागत नाही, त्यामुळे मागच्या दाराने येणारी खरखर थांबवता येते. दोन, तिला बहिरी बाजू असते.

ही बहिरी बाजू फार महत्त्वाची आहे. चौकट खिडकीच्या तावदानासारखी उभी धरा. तिच्या कडेच्या दिशेने येणारी लहर सगळ्यात जोरात ऐकू येते. तिच्या तोंडासमोरून, म्हणजे तावदानातून पलीकडे बघतो त्या दिशेने येणारी, जवळजवळ ऐकूच येत नाही. गंमत म्हणजे जोराची दिशा पसरट असते, थोडी चुकली तरी फरक कळत नाही. बहिरी दिशा मात्र सुईसारखी बारीक. म्हणून अनुभवी माणूस लूप केंद्राकडे वळवत नाही, तर तिचं बहिरं तोंड त्रासाकडे वळवतो.

आता डोंबिवलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पणजी जवळजवळ सरळ दक्षिणेला. मुंबई केंद्राचे प्रक्षेपक मालाडला, मालवणी भागात. (नाव ऐकून आपल्याला बरं वाटतं, पण ती मालवणी वेगळी!) म्हणजे डोंबिवलीहून पश्चिमेला. दक्षिण आणि पश्चिम, बरोबर काटकोन. चौकटीची कड दक्षिणेकडे केली की पणजी पूर्ण जोरात आणि मालाड बहिऱ्या बाजूला. याहून सोयीची गोष्ट नाही. ट्रान्झिस्टरच्या दांड्याचं याच्या उलट: दांड्याचं टोक जिकडे असेल ती दिशा बहिरी. म्हणून दांडा पूर्व-पश्चिम ठेवायचा.

मी शेवटी काय बनवलं

साठ सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट. तिच्यावर साध्या इन्सुलेशनच्या वायरचे दहा-अकरा वेढे, एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून. एकूण वायर पंचवीस-सव्वीस मीटर. दोन टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, सुमारे ५०० पिकोफॅरडचा. झालं. वीज नाही, अँप्लिफायर नाही. गँग फिरवली की चौकट एका केंद्राला जुळते. वरच्या टोकाची केंद्रं लागत नसतील तर एक वेढा कमी करा, खालच्या टोकाची लागत नसतील तर एक वाढवा.

ट्रान्झिस्टरला ती वायरने जोडायचीही नाही. चौकटीजवळ ट्रान्झिस्टर ठेवा, आतला दांडा चौकटीतलं चुंबकीय क्षेत्र आपोआप उचलतो. आधी ट्रान्झिस्टरवर १२८७ लावा, मग गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम वर येतो. मग चौकट आणि ट्रान्झिस्टर दोन्ही मिळून वळवा, खरखर सगळ्यात कमी होईपर्यंत.

ती एकाच केंद्राला जुळते, हा तिचा दोष वाटेल. शहरात तो गुण आहे. माझ्या अँप्लिफायरचा गोंधळ का झाला होता? सगळ्या लहरी एकदम आत घेतल्यावर जवळच्या मोठ्या केंद्राने तो गुदमरला आणि नको त्या जागी भुतं उभी राहिली. जुळवलेली चौकट नको असलेल्यांना दारातच अडवते.

पण आधी जागा

चौकट बनवण्याआधी एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरात आहे. मग एकेक स्विच चालू करत तो पकडा. आमच्याकडे दोन निघाले: स्वयंपाकघरातला एक स्वस्त एलईडी दिवा आणि वायफायचा अडॅप्टर. दोन्ही बदलले, निम्मं काम झालं. खरखर गेलीच नाही तर चोर शेजारी, जिन्यात किंवा लिफ्टमध्ये आहे. मग ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरा आणि सगळ्यात शांत कोपरा शोधा.

लहान उगमाचं चुंबकीय क्षेत्र जवळपास अंतराच्या घनाने कमी होतं. एका मीटरवरून दोन मीटरवर गेलात की आठवा हिस्सा राहतो. वायरिंगमधून पसरलेली खरखर इतकी झटकन उतरत नाही, तरी दोन पावलं सरकल्याने जे मिळतं ते अँप्लिफायरने मिळत नाही. सिमेंटच्या इमारतीत सळ्यांचं जाळं असतं, म्हणून आतल्या खोलीपेक्षा खिडकीजवळ केंद्र चांगलं लागतं.

मोठे लोकही हेच करतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली जागा निवडली, तेव्हा मानवनिर्मित गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं. त्याही आधी, १९२७ मध्ये मुलुखापार बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली तेव्हा पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि घेणारं केंद्र लांब दौंडला. ऐकणाऱ्याने आवाजापासून दूर जायचं, हा नियम जुना आहे.

आणि बाहेर, गच्चीवर लूप लावायचीच असेल तर तीन गोष्टी सांभाळा. केबल फेराइटच्या रिंगमधून आठ-दहा वेळा वेढून न्या, म्हणजे कवचावरून येणारी खरखर अडते. अँप्लिफायर आणि रेडिओ शक्यतो बॅटरीवर चालवा. प्लगमधल्या अर्थिंगला अँटेनाची जमीन करू नका, सगळ्या इमारतीचा गोंगाट त्याच तारेत असतो. चौथी गोष्ट सुरक्षिततेची: वीज कडाडायला लागली की बाहेरच्या अँटेनाची केबल काढून ठेवायची. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

श्रोत्यांचे प्रश्न

एक काकी: माझो झिल मुंबैक रवता. तेच्याकडे गेलंय की माझो रेडिओ नुसतो खरखरता. चौकट वगैरे माका जमाची नाय. काय करूचा?

काकी, तुमच्यासाठी सोपा उपाय आहे. रेडिओ विजेवर लावू नका, सेलवर लावा. टीव्हीपासून उचला, खिडकीत ठेवा. आणि मग देवाला ओवाळतो तसा सावकाश गोल फिरवा. एका जागी खरखर कमी होईल. तिथे खडूने खूण करून ठेवा. निम्म्या घरांत एवढंच पुरतं.

प्रश्न: दिवसा बहिरी बाजू छान सापडते, पण रात्री ती हरवते. असं का?

बरोबर निरीक्षण आहे. दिवसा लहर जमिनीलगत सरळ येते, म्हणून दिशा पक्की. रात्री ती वरच्या आयनांच्या थरावरून परतून येते, वरून आणि वाकडी. मग दूरच्या केंद्रासाठी बहिरी बाजू धूसर होते. घरातल्या चार्जरसाठी मात्र रात्रीही ती पक्कीच राहते, कारण तो आकाशातून येत नाही.

प्रश्न: आपल्या आरोंद्यात लांब तार लावली तर?

इथे चालेल, घरापासून लांब मोकळ्या जागेत न्या. फक्त आपल्या जांभ्यात अर्थिंग नीट होत नाही, कोरडा जांभा वीज चांगली वाहून नेत नाही. खाडीकाठची किंवा विहिरीजवळची ओली जागा बघा. आपल्याला समुद्राचाही फायदा आहे. खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहरी जमिनीपेक्षा खूप लांब जातात. किनाऱ्याने येणारं केंद्र आपल्याकडे घाटावरच्यापेक्षा चांगलं लागतं, ते त्यामुळे.

एक विद्यार्थी: याहून खालच्या लहरी ऐकता येतात का?

येतात की. तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोमन हे केंद्र आहे, १९९० पासून. पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतं. लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर! त्यातले संदेश आपल्याला कळणार नाहीत, कळायचंही कारण नाही. पण मोठ्या चौकटीवर शेकडो वेढे घेऊन, छोट्या अँप्लिफायरमधून संगणकाच्या माइकच्या खाचेत जोडलं तर तो सिग्नल पडद्यावर दिसतो. सूर्यावर स्फोट झाला की दिवसा त्याची पातळी एकदम बदलते. शाळेसाठी सुंदर प्रयोग आहे. निवडीचा नियम मात्र तोच: चौकट विजेच्या तारांपासून लांब, बहिरं तोंड गोंगाटाकडे.

शेवटचा प्रश्न: तुमच्या आईला पणजी लागलं का?

लागलं. दक्षिणेच्या खिडकीत चौकट आहे, तिची कड बरोबर गावाकडे. थोडी खरखर अजून आहे, ती जाणार नाही. आईचं म्हणणं, पावसात कौलांवर वाजतं त्याहून ती कमीच आहे. आता संध्याकाळी गँग ती स्वतः फिरवते, मला हात लावू देत नाही.

बाहेर टेबलावर चौकट ठेवली आहे, येऊन फिरवून बघा. आणि त्यावेळी कृपा करून मोबाईलचे चार्जर काढून ठेवा.